म० वा०

पेढ्यांचा बॉक्स पुढं आला की मी हात मागं घेते. शुगर झाली का, असं ऑफिसात विचारतात. मी हो म्हणून टाकते. खरं सांगायचं तर एक अख्खं पुस्तक उघडून दाखवावं लागेल.

छत्रपती संभाजीनगरात मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे. काही वर्षांपूर्वी हौस म्हणून मोडी शिकले. तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. हल्ली मात्र मोडी वाचणाऱ्याला लग्नसराईतल्या आचाऱ्याइतका भाव आलाय. ज्याला त्याला आपल्या पणजोबांचे कागद वाचून हवे असतात. शेजारच्या टेबलावरचा सहकारी एक दिवस खुर्ची ओढून बसला. "ताई, आम्ही घराण्याचा इतिहास छापतोय. पणजोबांची टिपणवही आहे, सगळी मोडीत. तेवढी वाचून द्या ना. तुम्ही तर आमच्याच गावच्या."

गाव एकच, हे खरं. लासूर स्टेशनला उतरून पुढं बैलगाडीनं जायचं गाव. ते त्याचं गाव आणि माझं आजोळ. त्याचं घर गावाच्या मधोमध, माझ्या आईचं माहेर वेशीबाहेर. एवढं सांगितलं की आमच्याकडं पुढचं कुणाला विचारावं लागत नाही.

मी लगेच हो म्हणाले, ते काही त्याच्यावरच्या प्रेमानं नव्हे. माझ्या आईवर लहानपणी खोटारडी असा शिक्का बसला होता, आणि तो पुसणारी एखादी ओळ त्या वहीत असेल, अशी मला आशा होती.

गोष्ट अशी. आईची आजी सुईण होती. मोठ्या घरची सून, म्हणजे सहकाऱ्याची पणजी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिकडं काहीतरी बिनसलं म्हणून दिवस भरत आलेले असताना तिला परत आणत होते. वेशीबाहेरच तिला कळा सुरू झाल्या. गाडीतून खाली घेतलं तेव्हा सगळ्यांत जवळचं घर होतं आईच्या आजीचं. तिथंच तिनं बाळंतपण केलं, मूल पायाळू होतं तरी दोघांना वाचवलं. ही गोष्ट आईनं आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलेली. नऊ-दहा वर्षांची असताना विहिरीवर त्या घरच्या पोरानं तिला ढकललं, तर ती म्हणाली, "मला काय ढकलतूस? तुहा बाप आमच्या घरात जन्मलाय." त्या दिवशी माझ्या आजोबांना चावडीपुढं उभं केलं. पोरगी खोटं बोलली, असं त्यांना जोडे डोक्यावर धरून सगळ्यांसमोर म्हणायला लावलं. आई तिथंच उभी होती. आई आता ऐंशीच्या पुढं आहे. त्यानंतर बापानं तिच्याकडं कधी नीट पाहिलं नाही, असं ती अजून सांगते.

तर मी एका रविवारी रिक्षा करून औरंगपुऱ्याच्या मागं त्यांच्या घरी गेले. सहकारी होता आणि त्याचे थोरले काका होते. हे काका म्हणजेच विहिरीवरचं ते पोरगं. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध, बोलणं साखरेत घोळलेलं. "मॅडम, तुमचं आजोळ आमच्याच गावचं म्हणं. कोणत्या अंगाला?"

"वेशीकडच्या अंगाला," मी म्हणाले.

"हां हां," काका म्हणाले, आणि आत बघून चहा सांगितला. त्या दोघांना कपबशीत आला, मला कागदी कपात. सूनबाईनं हसतमुखानं दिला. मी तो कप हातात धरला आणि अंगावरून झुरळ चालावं तसं वाटलं. तरी चहा प्यायले. वही हवी होती मला.

वही सुंदर होती, हे कबूल करायलाच हवं. पणजोबांचं अक्षर गोल, ओळी सरळ. त्यात घरातले जन्म, मृत्यू, सोयरिकी, कोण कुठून आलं आणि कुठं गेलं, सगळं होतं. फक्त गावांची नावं पुरी लिहायचा त्यांना कंटाळा. एक-दोन अक्षरं लिहायची आणि पुढं शून्य काढायचं. जुन्या कागदांत ही रीतच होती. मौ० म्हणजे मौजे, क० म्हणजे कसबा, बु० म्हणजे बुद्रुक, ह० मु० म्हणजे हल्ली मुक्काम. ला० म्हणजे लासूर, सि० म्हणजे सिल्लोड. तिकडं त्यांच्या दोन बहिणी दिलेल्या. अशी खूण उलगडायची तर एकच उपाय असतो: त्याच माणसानं तेच नाव दुसरीकडं कुठं पुरं लिहिलंय का, ते शोधायचं. मी तसंच करत गेले आणि तिसऱ्या रविवारी त्या ओळीशी आले.

"चिरंजीव झाला. जन्म म० वा०, सुईणीचे घरी. पायाळू. उभयतां खुशाल."

म० वा० म्हणजे काय, ते शोधायची गरजच नव्हती, कारण सात पानं आधी त्याच अक्षरात पुरं लिहिलेलं होतं: "महारवाड्यात देवी आली आहे, घरची मुले तिकडे जाऊ देऊ नयेत." देवीचा रोग आला तेव्हा हात अडखळला नाही. मुलगा जन्मला तेव्हा दोन अक्षरं आणि दोन शून्यं. आणि त्याच्या खाली चार ओळी शुद्धीच्या: गोमूत्र किती, पंचगव्य कुणी दिलं, बाळाला किती वेळा न्हाऊ घातलं, बाळंतिणीची लुगडी कुठं जाळली. त्यात एकही शून्य नाही. सगळं पुरं, काना-मात्रेसकट. ज्या बाईनं पायाळू पोर ओढून काढलं, तिच्या हाताचा विटाळ धुवायला चार ओळी. मी पुष्कळ घाण कागद वाचलेत, पण इतकी स्वच्छ अक्षरातली घाण कधी वाचली नव्हती.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सहकारी वहीकडं बघत राहिला. काका म्हणाले, "मळ्यातली वाडी असंल ती."

"काका, त्या गावात तुमचा मळा कधी होता?"

"नसंल. मंग मधली वाडी असंल."

मी सात पानं मागं जाऊन बोट ठेवलं. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातलाच नाही. "मॅडम, जुनी अक्षरं. मानसाची चूक व्हती कधी." मी त्या पानाचा फोटो घेऊ का विचारलं, तर म्हणाले, "फोटो नगा. जुनी शाई हाये, उडंल." फोटोनं शाई उडते, हे मला नोकरीत एवढी वर्षं कागद हाताळूनही माहीत नव्हतं.

मी घरी येऊन सगळं वाचन स्वच्छ लिहून काढलं. त्या ओळीपुढं पुरा शब्द लिहिला आणि खाली आधाराची टीप दिली. सहकाऱ्यानं कागद घेताना मान खाली घालून सांगितलं, "ताई, जे आहे ते छापू. शब्द देतो." मी आईला त्या दोन शून्यांसकट सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज विचारायला लागली, "आलं का गं पुस्तक?" चष्म्याचा नंबर बदलून आणला. वाचता तिला जेमतेम येतं, तरी ती ओळ तिला आपल्या डोळ्यांनी बघायची होती.

प्रकाशनाचा समारंभ एका मंगल कार्यालयात झाला. फेटे, सनई, गुळगुळीत कागद. काका मंचावर. मला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि "मोडी वाचनास साहाय्य" म्हणून माझं नाव माइकवरून घेतलं. मी पुस्तक उघडलं. काकांच्या वडिलांचा पानभर फोटो, आणि खाली जाड ठशात:

"जन्म: मराठवाडा."

मी तीनदा वाचलं. त्या पुस्तकातला झाडून सगळा गोतावळा मराठवाड्यातच जन्मलेला. कुणापुढं लासूर, कुणापुढं सिल्लोड, कुणापुढं गावाचं नाव. हा एकटाच बापडा अख्ख्या मराठवाड्यात जन्मलेला. शुद्धीच्या चार ओळी मात्र गाळल्या नव्हत्या. "प्रथेप्रमाणे विधी करण्यात आले" असं त्यांचं सोज्वळ रूप छापलं होतं.

सहकारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. मी पानावर बोट ठेवलं. तो हळूच म्हणाला, "ताई, काका ऐकेनात. पण तसं चूक पण नाहीये ना. गाव मराठवाड्यातच येतं."

माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. ते सगळं गिळलं आणि त्यावर पेढा खाल्ला. तो समोर बॉक्स धरून उभा होता, मागं फोटोवाला होता, मंचावरून काका हात जोडून हसत होते. मी हसले. त्या फोटोत मी हसताना आहे. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त किळस कशाची येत असेल, तर त्या फोटोची.

घरी आले तर आई नवा चष्मा लावून दारातच बसलेली. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, फोटोवर बोट ठेवलं आणि ओळ वाचायला लागली. "म... रा... ठ... वा..." थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"आन् मी कुठं जन्मले मंग? त्याच खोलीत जन्मले की. म्हंजी मीबी मराठवाड्यातच." ती हसली, पण खालचा ओठ हलत होता. मग विचारलं, "तू काय म्हणलीस त्याह्यला?"

"काही नाही."

"काहीच नाय?"

"पेढा दिला त्यांनी. खाल्ला."

आईनं चष्मा काढला. "मंग तूबी त्याह्यच्यासारखंच शून्य लावलं की."

माझं जुनं शून्य तिला कुठून कळलं कुणास ठाऊक. कॉलेजात असताना मी फॉर्मवर पत्ता 'भी. नगर' लिहायची. भाड्याच्या खोलीसाठी एका बाईनं विचारलं, भी म्हणजे काय? मी म्हणाले, भीमाशंकर. खोली मिळाली. त्या खोलीत दोन वर्षं राहिले, आणि आई भेटायला येते म्हणाली की दर वेळी काहीतरी सबब सांगितली. म्हणजे तो पणजोबा, ते काका आणि मी, आम्ही सगळे एकाच शाईचे. हे लिहितानाही मला माझा वीट येतोय.

आईनं माझ्या पर्समधून पेन काढलं आणि पुढं केलं. "लिही. त्याच पानावर लिही."

मी 'मराठवाडा'वर काट मारली. आई सांगत गेली, मी लिहीत गेले: पुरा शब्द, गावाचं नाव, तिच्या आजीचं नाव, आजीच्या नवऱ्याचं नाव, आणि पायाळू पोर तिनं वाचवलं हे. खाली आईनं स्वतःचं नाव घालायला लावलं, सांगणारी म्हणून, आणि मग तिच्या बापाचं. ते नाव सांगताना ती दोनदा थांबली.

"खोटं बोलली नव्हती, हेबी लिही."

लिहिलं. सोमवारी तेच पुस्तक सहकाऱ्याच्या टेबलावर उघडं ठेवून काकांना दे म्हणून सांगायचं, असं ठरलं. तिनं पान स्वतःकडं वळवून घेतलं आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

"शून्य कुठं दिलं नाहीस ना गं?"