सांबारात दोनदा मीठ आणि माझी तोंडी परीक्षा

गेल्या रविवारी आमच्या बोरिवलीच्या घरी सत्यनारायण होता आणि सोमवारी सकाळी अंधेरीच्या कॉलेजात माझी डेटाबेसची तोंडी परीक्षा. चाळिशीत, दोन मुलांनंतर पुन्हा शिकायला लागलं की असंच होतं...

बाकी सगळं येत होतं, पण 'सीरियलायझेबिलिटी', म्हणजे एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांचा एकमेकांत घोळ न होणं, काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. व्याख्या तोंडपाठ, अर्थाच्या नावाने बोंब. आणि प्रश्न त्यावरच येणार, हे नक्की.

म्हणून मसाल्याच्या डब्याला मोबाईल टेकवला आणि नोट्स वाचत काळ्या वाटाण्याचं सांबार ढवळत उभी राहिले. आम्ही मालवणकडचे, पूजेला हे हवंच. पण नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी थेंबही चाखायचा नाही. मीठ पडलंय की नाही, ते विचारूनच कळणार.

मोठ्या जाऊबाई आल्या. "मीठ घातलंस का गं?"

"नाही वहिनी."

बरणी रिकामी होती, म्हणून त्या माळ्यावरून नवा पुडा काढायला गेल्या. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनीही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. त्यांचं जाडं मीठ वेगळ्या बरणीत असतं... त्यांनी मूठभर घातलं आणि गेल्या आरतीची तयारी बघायला. मग वहिनी पुडा घेऊन आल्या आणि त्यांनीही घातलं. माझी मान मोबाईलमध्ये.

आरती झाली, पानं वाढली. पहिल्याच घासाला सासरे तांब्याभर पाणी प्यायले.

"मी विचारून घातलं हां!" वहिनी म्हणाल्या.

"मगे मी काय न इचारता घातलंय?" सासूबाई.

दोघीही खरंच बोलत होत्या. आणि तिथेच, हातात डाव घेऊन, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! वहिनींनी विचारलं तेव्हाचं उत्तर खरं होतं, पण पुडा येईपर्यंत ते शिळं झालं होतं. एकीचं विचारणं आणि घालणं पूर्ण झाल्यावर दुसरीने विचारलं असतं, तर मी 'हो' म्हटलं असतं आणि सांबार झकास झालं असतं. हीच ती सीरियलायझेबिलिटी! मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले... सगळे बघत राहिले. मग नारळाचं दूध आणि उकडलेले बटाटे घालून सांबार वाचवलं. ते इतकं वाढलं की शेजाऱ्यांकडेही डबे गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तोच प्रश्न विचारला. वर म्हणाल्या, पुस्तकातलं नको. मी सरळ सांबार सांगितलं.

त्या हसल्या, पण सोडलं नाही. "मग आधी कुणी घालायला हवं होतं? सासूबाईंनी की जाऊबाईंनी?"

क्षणभर वाटलं, वाट लागली. मग म्हटलं, "कुणीही चालेल, मॅडम. कामं एकमेकांत मिसळली तरी हरकत नाही. शेवट मात्र एकीनंतर एकीने केल्यासारखा हवा."

मॅडमनी मान डोलावली आणि पुढच्या विषयावर गेल्या. बाहेर आल्यावर मी जिन्यातच बसले. आता पास नक्की!

घरी येऊन दोघींना सांगितलं, कॉम्प्युटरच्या हिशेबाने तुम्ही दोघीही बरोबर. दोघी भलत्याच खूश. मग सासूबाई म्हणाल्या, "मगे चुकला कोणाचा?"

"टोपाजवळ जी उभी होती तिचं," मी म्हटलं. "एकीचं होईपर्यंत दुसरीला थांबवायचं काम तिचं."

वहिनी एवढ्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी माझ्या हातातून चहाचं पातेलं काढून घेतलं. "तू आता पुढचो पेपर होईसर हय येव नको. वाच जा."

रविवारपासून दोघी एकमेकींशी भांडल्या, आपापल्या नवऱ्याला बोलल्या, देवालाही बोलल्या असतील... पण 'या वयात कशाला हा अभ्यास' असं एकीच्याही तोंडून आलं नाही. मार्क किती पडतील ते पडोत, मी तेवढ्यावरच खूप श्रीमंत आहे.