बिनकल्हईची कळशी

कस्तुराबाई शिरसाठ म्हणजे आमच्या मंडळीतलं सगळ्यात भित्रं माणूस. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं. पण त्यांना धीराच्या म्हटलं असतं तर त्यांनाच ते खोटं वाटलं असतं, आणि खोट्याचीही त्यांना भीती वाटायची.

बासष्ट साली नगरकडच्या एका खेड्यातून त्या नवऱ्यामागे इकडे आल्या. नवरा मारुतराव पिंपरीच्या एका कारखान्यात लागला होता आणि पिंपळे गुरवात त्यांनी खोली घेतली होती. कंपनीचा भोंगा झाला की बाईंच्या हातातलं काम थांबायचं. मारुतराव शिफ्ट संपवून दारात दिसेपर्यंत काही ते पुढे सरकत नसे. मुंबई रस्त्यावरच्या ट्रकची भीती, स्टोव्हला पंप मारायची भीती, विहिरीत वाकून बघायची भीती. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडे भांडी नुसती खुळखुळली, तर या पुढचा आठवडाभर स्वयंपाक अंगणात करत होत्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो यांच्या खोलीतच भाड्याने राहत असावा, असं माझी आई म्हणे.

मंडळीला, म्हणजे आमच्या ख्रिस्ती समाजाला, तेव्हा स्वतःचं देऊळ नव्हतं. चिंचवडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही रविवारी उपासनेला जमायचो. बहुतेक सगळे कारखान्यांत लागलेले, घरापासून लांब आलेले लोक. कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, एकटा राहणारा कुणी कामगार तापाने फणफणला, तर मंडळीतल्या बायका आळीपाळीने डबा घेऊन जायच्या. सुगीच्या सणाला सगळ्यांचं जेवण असे. त्याचे कांदे चाकणच्या बाजारातून यायचे आणि बायका गप्पा मारत, रडत ते चिरायच्या. या सगळ्या कारभारावर सोजरबाईंची नजर असायची. उंच, खणखणीत आवाजाची बाई. स्वभावाने वाईट मुळीच नव्हत्या. फक्त आपणही चुकू शकतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

कस्तुराबाईंकडे प्रभुभोजनाचं काम आलं ते त्यांच्या भित्रेपणामुळेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून आम्हाला भाकर आणि द्राक्षरस मिळे. रस म्हणजे काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि वर लिंबू पिळायचं. हे काम कस्तुराबाईंनी करावं, म्हणजे मुंगीसुद्धा पडायची नाही, असं सोजरबाईंनी ठरवलं. बाईंकडे त्यासाठी एक पितळी पातेलं होतं. कल्हईवाला आला की त्याच्या भात्यासमोर बसून ते आतून चांदीसारखं पांढरं करून घ्यायच्या, आणि दर वेळी रस करण्याआधी दाराच्या उजेडात धरून आत बघायच्या.

त्याला कारण होतं. लहानपणी गावाकडे एका लग्नात ताक कल्हई उडालेल्या घागरीत ठेवलं होतं. पितळेत आंबट राहिलं की ते कळकतं, हिरवट होतं, विष होतं, हे कुठल्याही घरात पोरीबाळींनाही ठाऊक असतं. पण लग्नाच्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही. अर्धं वऱ्हाड ओकत बसलं. मोठी माणसं संध्याकाळपर्यंत उठली. बाईंची धाकटी बहीण उठली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं. या बाईंचं तर ताकानेच काळीज पोळलं होतं.

पण भित्र्या माणसाची एक पंचाईत असते. त्याच्या दहा भीत्या फुकट जातात आणि अकराव्या वेळी त्याच्याकडे कुणी बघत नाही. एका सुगीच्या सणाला पंगत बसली असताना कस्तुराबाईंना आमटीत पालीची शेपटी दिसली. त्या किंचाळल्या. अख्खा हंडा मागच्या उकिरड्यावर ओतला गेला, आणि मग त्यात सापडलं चिंचेचं बुटूक. त्या दिवशी सगळी मंडळी कांदा-भाकरी खाऊन घरी गेली. पोरं त्यांना पालवाल्या मावशी म्हणू लागली. सोजरबाईंनी त्यांना बायकांच्या बैठकीत बजावलं, की यापुढे काही भ्यायचं असेल तर माझ्या कानात येऊन भ्यायचं, मंडळीत तोंड उघडायचं नाही. कस्तुराबाईंनी मान खाली घालून कबूल केलं. मला विचाराल तर ती बैठक मला तेव्हाही आवडली नव्हती.

भूकंपाच्या पुढच्याच वर्षातली गोष्ट. त्या रविवारी आम्ही काही मुलंमुली मंडळीचे पूर्ण सभासद होऊन पहिल्यांदाच प्रभुभोजन घेणार होतो. मी त्यांत होते आणि कस्तुराबाईंची चारुलताही. दोघी पांढऱ्या साड्या नेसून पहिल्या बाकावर बसलो होतो. चारूला साडी सांभाळता येत नव्हती आणि मला हसू आवरत नव्हतं. कस्तुराबाईंनी रस शनिवारी दुपारीच करून पातेल्यासकट सोजरबाईंच्या घरी पोचवला होता, कारण रविवारी मारुतराव रात्रपाळीहून आल्याशिवाय त्यांचा पाय घराबाहेर निघाला नसता. त्या आल्या तेव्हा उपासना सुरू झाली होती. त्या शेवटच्या बाकावर टेकल्या.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. पेला हातात आला की लगेच प्यायचा नाही. काचेचे इवलेसे पेले बाकाबाकावर फिरतात, सगळ्यांनी आपापला हातात धरून बसायचं, आणि शेवटच्या माणसाला मिळाला की उपासना चालवणारे पाळक म्हणतात, "घ्या." मग सगळे एकदम पितात. कुणी आधी नाही, कुणी मागे नाही.

त्या दिवशी माणसं जास्त होती, पेल्यांचं तबक मधेच संपलं. मंडळीचे पंच अर्जुनराव आणखी पेले भरायला मागच्या खोलीत गेले आणि सोयीचं पडावं म्हणून भांडंच बाहेर घेऊन आले. ते कस्तुराबाईंचं पातेलं नव्हतं. ती सोजरबाईंची पाण्याची कळशी होती, बाहेरून चिंचेने घासून लखलखीत केलेली.

पुढे कस्तुराबाईंनीच मला सांगितलं की ती कळशी त्यांनी बघताच ओळखली. नाताळात त्यांनी स्वतः हात घालून ती घासली होती. तिला आतून कल्हई नव्हती. नुसत्या पाण्याला कोण कल्हई करतं? पातेलं सोजरबाईंना दुपारच्या जेवणाच्या डाळीला हवं होतं, म्हणून त्यांनी शनिवारीच रस कळशीत ओतून ठेवला होता. लिंबू पिळलेला रस, रात्रभर पितळेत.

कस्तुराबाईंनी हातातल्या पेल्याला जीभ लावली. जीभ आकसली. पण लगेच दुसरी भीती आली, की हा नुसता भास असेल तर? पुन्हा चिंचेचं बुटूक निघालं तर? तेही प्रभूच्या मेजावर, सोजरबाईंच्या कळशीबद्दल, तोंड उघडणार नाही असं कबूल केलेलं असताना. कानात सांगावं तर सोजरबाई पार पुढे, पहिल्या बाकाच्या कडेला. पेले फिरत होते. समोर चारूची वेणी दिसत होती आणि तिच्या हातात पेला होता. बाईंना वाटलं, आपण ओरडलो तर लाजेने मरू, आणि नाही ओरडलो तर पोरगी मरेल.

शेवटचा पेला दिला गेला. पाळकांनी आपला पेला उचलला.

"पिऊ नगा," मागून आवाज आला.

मी वळून बघितलं. कस्तुराबाई उभ्या होत्या आणि त्यांनी धरलेला बाक खडखडत होता. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. पाल, असं कुणीतरी कुजबुजलं. बाई पुढे बोलू बघत होत्या, पण बोबडी वळली होती. मग त्या चालत पुढे आल्या, आम्हा मुलींपाशी थांबल्या आणि त्यांनी चारूच्या पेल्यावर तळहात ठेवला.

"बाई, त्या कळशीला कल्हई न्हाई," त्या सोजरबाईंना म्हणाल्या. "माझी भन अशीच गेली."

सोजरबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या उठल्या, मेजाजवळ गेल्या, पाण्याचं फुलपात्र उचललं, कळशीतून ते काठोकाठ भरलं आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायल्या. मग तोंड पुसून म्हणाल्या, "झालं समाधान?"

माझ्या हातातला पेला घामाने निसटत होता. मला त्या क्षणी इतकी भीती वाटली की देवाचं नावसुद्धा आठवेना. पाळक शहाणे होते. त्यांनी आपला पेला खाली ठेवला आणि म्हणाले, की मंडळीने जरा वेळ मुकाट्याने प्रार्थना करावी. आम्ही डोळे मिटले, पण प्रार्थना कोण करतंय; सगळे कान लावून बसलो होतो. सोजरबाई बाकावर ताठ बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्या उठल्या, पदर तोंडाला लावला आणि कशाबशा मागच्या दारापर्यंत पोचल्या.

त्यांना धरायला सगळ्यांत आधी धावल्या त्या कस्तुराबाईच. दिवसभर त्या सोजरबाईंच्या उशाशी होत्या, मीठपाणी पाजत, कपाळ धरत, आणि सबंध वेळ स्वतःच रडत. डॉक्टर येऊन गेले, धोका नाही म्हणाले, तरी त्यांचा विश्वास बसेना. सोजरबाई अखेर वैतागून म्हणाल्या म्हणे, "कस्तुरे, मी मरत न्हाई गं. तू आता घरला जा." त्या गेल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात पेले हातात आले तेव्हा पाळक "घ्या" म्हणायच्या आधी थांबले आणि त्यांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. नकळत आम्हीही वळलो. कस्तुराबाई लाजून चूर झाल्या, पण त्यांनी पेल्याला जीभ लावली, जरा थांबून मान हलवली, आणि मगच पाळक बोलले. तेव्हापासून तो परिपाठच पडला. पाळक बदलले, नव्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं. आमचं स्वतःचं देऊळ झालं, मोशीपर्यंतची घरं मंडळीत आली, तरी पेला धरून मागे बघायचं आणि त्या भित्र्या बाईंनी मान हलवली की प्यायचं.

त्या काही पुढे धीट झाल्या नाहीत. एकोणऐंशी साली आकाशातून अमेरिकेचं अवकाशयंत्र पडणार म्हणून बोभाटा झाला तेव्हा त्या महिनाभर चारूच्या मुलाला पलंगाखाली झोपवत होत्या. ब्याऐंशी साली, पावसाळा सरता सरता, एका सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्याच गेल्या. भ्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पेले फिरले. शेवटच्या माणसाला मिळाला. पाळकांनी सवयीने मागे बघितलं. बाकावर त्यांच्या जागी कुणी बसलं नव्हतं. "घ्या" हा शब्द काही त्यांच्या तोंडून येईना, आणि आम्ही सगळे हातात पेले धरून नुसते बसून राहिलो. चारू माझ्या शेजारीच होती. तिने आपल्या पेल्यावर तळहात ठेवला, अगदी आईसारखा. मला पुन्हा तीच भीती वाटली, पहिल्या बाकावरच्या त्या मुलीची. इतकी वर्षं आम्ही निर्धास्त पीत होतो, कारण आमच्या वाटचं कुणीतरी भीत होतं.

मग काठी टेकत सोजरबाई उठल्या. आता त्या वाकल्या होत्या, डोळ्यांनाही कमी दिसत होतं. मेजापाशी जाऊन त्यांनी कस्तुराबाईंच्या पितळी पातेल्यावरचं फडकं काढलं, पातेलं खिडकीच्या उजेडाकडे कलतं केलं आणि कितीतरी वेळ आत बघितलं. आपला पेला त्या एकट्याच प्यायल्या. पाळकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "ती थांबली असती."

आम्ही थांबलो.