बादलीतला स्पंज

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. अंथरुणाला खिळलेल्या बायकोला दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात हलवायचं मीच ठरवलं होतं. निदान समुद्रातलं काही बघू दे तिला, म्हणून काशीमेडूच्या मासळी बंदरावर जाळ्यातून झटकून टाकलेला एक लाल स्पंज उचलला.

कोळी म्हणाला, "तात्ता, आजोबा, हा जीव आहे. उथळ पाण्यातला असो की खोलातला, खडकावरून सुटला की मरतो."

मी कुणाचं ऐकतो होय! बादलीभर पाण्यात मीठ घालून त्यात ठेवला. संध्याकाळी घरभर वास सुटला.

बायको क्षीण हसली. "खडकावर बरा होता हो तो. मलाही उपटू नका. इथंच जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेली अ‍ॅम्ब्युलन्स मी दारातूनच परत पाठवली.