मास्टर हैबतचं सातवं रीळ

डबा उघडला आणि मी तोंड फिरवलं. घामाचे मोजे महिनाभर पेटीत कोंडून ठेवले तर येईल तसा वास. फिल्मच्या कडांना तपकिरी भुकटी धरली होती, वेटोळी एकमेकांना चिकटली होती. डबा बंद केला आणि सरळ गावंडे मॅनेजरांच्या खोलीत गेलो.

"साहेब, ही कॉपी नाही चालत."

"काहून?"

"नाइट्रेट आहे. त्यात सडलेली."

"मेश्राम, रविवारच्या मॉर्निंग शोची सारी तिकिटं गेली गा. अन् तू मले शुक्रवारी सांगून राहिला?"

"डबा शुक्रवारीच आला ना, साहेब."

साठच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. नागपुरातल्या एका टॉकीजमध्ये मी ऑपरेटर होतो. टॉकीजचं नाव सांगत नाही, मालकांची मुलं अजून गावात आहेत. ऑपरेटर म्हणजे पिक्चर चालवणारा. लोकांना वाटतं, बटन दाबलं की झालं. बटन दाबून होत असतं तर मला कशाला ठेवला असता?

केबिनमध्ये दोन मशीन असायच्या. एक रीळ दहा मिनिटांचं. ते संपत आलं की दुसऱ्या मशीनवरचं सुरू करायचं, पब्लिकला सांधा कळू द्यायचा नाही. उजेड बल्बचा नसायचा, आर्कचा असायचा. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणल्या की मधे वेल्डिंगसारखी ज्योत पेटते. ती सगळी आग मशीनच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म जिथून सरकते त्या फटीत, फिल्मवर पडते. फिल्म धावत असते म्हणून वाचते. थांबली की गेली.

आमच्या काळात येणारी बहुतेक फिल्म सेफ्टी होती. ती थांबली तर भोक पडतं, पब्लिक शिव्या देतं, जोडून पुढे चालवायचं. जुनी नाइट्रेट फिल्म वेगळी. ती पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, वाळूने विझत नाही. म्हणून केबिनला लोखंडी दार आणि भिंतीतल्या खिडक्यांना लोखंडी झडपा. आग लागली की दोरी ओढून झडपा पाडायच्या, बाहेर पडायचं, दार लावायचं आणि जळू द्यायचं. हा नियम. यात रीळ वाचवणं कुठेच येत नाही.

हे सगळं मी गावंडेंना सांगितलं. ते म्हणाले, "मले नको सांगू. बाहेर बाकावर बसले आहेत, त्याईले सांग."

बाहेर बाकावर मास्टर हैबत बसले होते.

तरुण वाचकांना हे नाव माहीत नसणार. माझ्या लहानपणी स्टंट पिक्चर यायची. घोडा, तलवार, काळा बुरखा, किल्ल्याच्या भिंतीवरून उडी. त्यांतले हे हिरो. मी दहा वर्षांचा असताना त्यांचं एक पिक्चर सात वेळा पाहिलं होतं, आणि त्यातल्या चार वेळा शाळा बुडवून. तेच हे पिक्चर. मास्टर आता बासष्टचे होते. केस काळे केलेले, अंगात पांढरा सिल्कचा शर्ट, छाती अजून कपाटासारखी. बाकावरून उठताना मात्र आधी हात गुडघ्यावर टेकला.

हे गृहस्थ स्वतःच्या पिक्चरची कॉपी लोखंडी पेटीत घालून गावोगाव फिरत होते. खेळाआधी स्टेजवर यायचं, दांडपट्टा फिरवायचा, दोन शब्द बोलायचे, मग पिक्चर. दरवर्षी दोन-चार टॉकीजवाले त्यांना बोलवत.

मी म्हणालो, "मास्टर, दुसरी कॉपी मागवा."

"दुसरी नाही." ते सांगलीकडचे, बोलणं तिकडचं. "कंपनी बुडाली तेव्हा निगेटिव्ह चांदी काढायला विकली. फिल्मवर चांदी असते, तुम्हाला ठाऊक असेल. माझी चौदा पिक्चरं वितळवली त्यांनी. हे एक माझ्या घरात पलंगाखाली होतं म्हणून राहिलं."

"पण हे सडलंय."

"मेश्राम, मी पण सडलोय की. चालतोय का नाही?"

मी हसलो. तिथेच माझं चुकलं. लायसन माझ्या नावाचं होतं, नाही म्हणायचा हक्क माझा होता. मालकही माझ्यावर जबरदस्ती करू शकत नव्हते. पण खरं सांगतो, किल्ल्यावरची ती उडी पुन्हा पाहायला माझाच जीव कासावीस झाला होता. मी म्हणालो, "दोन दिवस द्या. बघतो."

दोन दिवस मी ती कॉपी साफ करत बसलो. बारा रिळं. चिकटलेली वेटोळी बोटाने सोडवायची, सडलेला तुकडा कापायचा, दोन टोकं घासून फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्मच्या खास गोंदाने, जोडायची. याला जॉइंट म्हणतात. सगळ्यांत वाईट हालत सातव्या रिळाची, कारण मारामारी त्यात होती आणि तीस वर्षं तेच सर्वांत जास्त चाललं होतं. मास्टर शेजारी स्टुलावर बसून राहत. मी तुकडा कापला की तो हातात घेऊन उजेडाकडे धरत आणि सांगत, "हा घोडा लंगडा होता." किंवा, "हा मागचा माणूस वारला." मग तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकत. एकही तुकडा खिशात घातला नाही.

रविवारी हॉल गच्च भरला. तरुण पोरं नव्हतीच. सगळे चाळिशी-पन्नाशीचे. कामठीचे विणकर बस करून आले होते. मिलवाले, टांगेवाले, कचेरीतले कारकून, दोन वकील. मास्टर स्टेजवर आले तेव्हा हे बाप्ये लोक खुर्च्यांवर उभे राहून शिट्या मारत होते. टक्कल पडलेला एक जण नुसता रडत होता. मास्टरांनी पट्टा फिरवला, चांगला फिरवला. मग बाल्कनीत माझ्या केबिनच्या खालीच येऊन बसले.

पिक्चर सुरू झालं. पब्लिकला एकेक वार पाठ. हिरोच्या मागून गुंड यायच्या आधीच सारा हॉल ओरडायचा, "मागं पाह्य ना गा." आणि हिरो वळायचा. सातवं रीळ लागलं, किल्ल्याची भिंत आली, मास्टर धावत आले आणि उडी मारली. मी गेटवरचा हात काढून खिडकीतून पाहत होतो. दहा वर्षांचा होतो तेव्हा ओरडायचो तसाच ओरडलो. खोटं कशाला सांगू.

आमच्याकडे स्टंट पिक्चरला एक रिवाज होता. मारामारीचं रीळ संपलं आणि पब्लिकने पाय आपटले, की ते रीळ पुन्हा लावायचं. वन्स मोर. मॅनेजर खालून केबिनची घंटी दोनदा वाजवायचा. त्या दिवशी घंटी वाजायच्या आधीच जमीन हलत होती. मी आर्क विझवली आणि रीळ उलटं गुंडाळायला घेतलं.

गुंडाळताना फिल्मची कड दोन बोटांत धरायची असते. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. उडीच्या जागी माझ्या बोटाला एक जॉइंट लागला, किंचित वर आलेला. पहिल्या फेरीच्या उष्णतेने सिमेंट सुटलं होतं. मला कळलं. थांबून तो कापून नवा जोडायला पाच मिनिटं लागली असती. खाली पाय आपटत होते, शिट्या चालल्या होत्या. मी थांबलो नाही. रीळ मशीनवर चढवलं.

उडीवरच अडकलं. पडद्यावर मास्टर हवेत थांबले आणि त्यांच्या छातीतून पांढरा डाग पसरला. मी दोरी ओढली, झडपा पडल्या, आर्क बंद केली. तोवर वरचं स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळलेली चकरी, पेटलं होतं. पिवळा धूर, डोळ्यांत तिखट. मी बाहेर पडून दार लावत होतो, तेवढ्यात मास्टर लोखंडी जिन्यावरून वर आले. झडपा पडल्या म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मी म्हणालो, "मास्टर, गेलं ते. जळू द्या." त्यांनी मला खांद्याने ढकललं. मी जिन्यावर पडलो. पहिलवान माणूस.

आत जाऊन त्यांनी खालच्या स्पूलची पेटी उघडली आणि दोन्ही हात घातले. मी त्यांना कमरेला धरून ओढलं तेव्हा त्यांच्या हातात काळा गोळा होता, आणि तो हातांपासून सुटत नव्हता. ते ओरडले नाहीत. नुसते विचारत होते, "किती राहिलं? मेश्राम, किती राहिलं?"

हॉलमध्ये कुणाला काही झालं नाही. झडपांमुळे आग दिसलीच नाही. गावंडेंनी स्टेजवर जाऊन मशीन बिघडल्याचं सांगितलं, लोक कुरकुरत घरी गेले. उरलेली अकरा रिळं बाजूच्या खोलीत लोखंडी कपाटात होती, शाबूत होती. धंतोलीच्या दवाखान्यात मास्टरांना मी ते त्याच दुपारी सांगितलं. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. ते म्हणाले, "अकरा पुष्कळ झाली. सातव्याच्या जागी मी स्वतः स्टेजवर उभा राहीन. मारामारी करून दाखवीन. लोकांना पाठ आहेच."

तिसऱ्या दिवशी लायसनवाला इन्स्पेक्टर आला. सभ्य माणूस. त्याने विचारलं, "कॉपी तुम्ही तपासली होती?"

"हो."

"आणि पास केली?"

"हो."

त्याने माझं लायसन सहा महिन्यांसाठी काढून घेतलं आणि उरलेली अकरा रिळं नष्ट करायचा हुकूम लिहिला. त्याचं एक अक्षरही चूक नव्हतं, मी त्याच्या जागी असतो तर तेच लिहिलं असतं. रिळं पाण्याच्या पिंपात घालून कळमन्याच्या पुढे माळावर नेली, बाहेर काढून पसरली आणि लांबून पेटवली. साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मास्टर पलंगावर बसून नर्सला सांगत होते की पुढचा मुक्काम रायपूर. मला पाहून विचारलं, "पिक्चर आहे ना नीट?"

मी म्हणालो, "आहे."

मग रोज जात राहिलो आणि रोज तेच उत्तर देत राहिलो. इतका नालायकपणा मी नोकरीत दुसरा केला नाही. ते दवाखान्यातून सुटले त्या दिवशी म्हणाले, "पेटी परस्पर स्टेशनवर आणा." पेटी टॉकीजमध्ये होती, रिकामी. वजनाला जुनी ट्रेलरं भरून द्यावी असं मनात आलं. एक रीळ उचललंसुद्धा, पण परत ठेवलं. रायपूरला भरल्या हॉलमध्ये ती उघडली तर? पेटीला कुलूप लावलं आणि निघालो. ठरवलं, प्लॅटफॉर्मवर सांगून टाकीन.

प्लॅटफॉर्मवर मी त्यांना चहा पाजला. कप मीच धरला, त्यांना धरता येत नव्हता. गाडी आली तरी मी सांगितलं नव्हतं. हमाल आला, त्याने पेटीला हात घातला आणि एका हाताने झटक्यात उचलली.

"बाबूजी, पेटी त रिकामी आहे जी," तो म्हणाला. "हमाली काहून देता?"

मास्टर माझ्याकडे पाहू लागले. मी सांगितलं. सगळं, उभ्या उभ्या, गाडीच्या आवाजात.

"कधी जाळली?"

"बारा दिवस झाले."

"तुम्ही होता तिथं?"

"होतो."

त्यांनी मान हलवली. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते हमालाला म्हणाले, "आत ठेव. माझीच आहे."

डब्यात खिडकीशी एक पन्नाशीचा व्यापारी बसला होता. मास्टरांना पाहून तो उठलाच. "आप मास्टर हैबत? अरे भाई, बचपन में आपके पीछे स्कूल छोड़ा है हमने. वो किले वाली छलांग," असं म्हणून त्याने आपली जागा त्यांना दिली. पेटी स्वतः ढकलून सीटखाली घातली. "खेल कहाँ है?"

"रायपूर," मास्टर म्हणाले.

"वही पिक्चर?"

"वही."

गाडी सुटली. मास्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्या माणसाला उडी कशी मारली ते सांगत होते, पट्ट्या बांधलेले दोन्ही हात वर करून.

रायपूरच्या ऑपरेटरला मी नंतर विचारलं. असा खेळ तिथे झाला नाही, असा माणूस आला नाही. मास्टर कुठे उतरले ते मला आजवर कळलेलं नाही.

सहा महिन्यांनी लायसन परत मिळालं. पुढे मी पंचवीस वर्षं मशीन चालवली आणि गावंडेंशी कैक वेळा भांडून कैक कॉप्या परत पाठवल्या. नव्या ऑपरेटरांना एकच सांगत आलो. कॉपी नापास करायची तर ती ज्याची आहे त्याला भेटायच्या आधी करावी. एकदा तो शेजारी स्टुलावर येऊन बसला, की नाही म्हणणं होत नाही.