काळ्या द्राक्षांच्या काड्या

बंगळुरूला निघाले तेव्हा अण्णा, माझे वडील, मनमाड स्टेशनपर्यंत सोडायला आले होते. गाडी हलताना म्हणाले, "आठवण आली तर फोन कर. रडत बसू नको." मी मान डोलावली. खरं तर मला नाशिकजवळच्या आमच्या पिंपळगावातून सुटायचंच होतं.

बंगळुरूच्या लॅबमध्ये आरएनए सिक्वेन्सिंग शिकले. पेशी या घडीला कोणतं काम करतेय, त्याच्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. पूर्वी एकेका विषाणूचा संशय धरून एकेक टेस्ट करावी लागे. आता पानातल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम वाचता येतात, लपलेल्या विषाणूच्याही.

काम जमलं, मी मात्र तिथे रुजले नाही. भाड्याच्या घरात भिंतीला एक खिळा ठोकला नाही. गावी आले की चार दिवसांत मन उडायचं. परत गेले की मोबाइलवर नाशिकचं हवामान बघत बसायचे.

गेल्या हंगामात अण्णांच्या काळ्या द्राक्षांच्या बागेतली पानं लाल होऊन खाली वळली, मणी रंग धरेनात. नेहमीच्या टेस्टमध्ये काही निघालं नाही. अण्णांनी पानं पाठवली. लॅबमधल्या सरांना विचारून मी त्यांतल्या चिठ्ठ्या वाचल्या. विषाणू निघाला. त्याला औषध नाही, वेल उपटायचे. आणि याच बागेच्या काड्या अण्णांनी कलमासाठी गावात हौसेनं वाटल्या होत्या.

फोनवर मी म्हणाले, इतक्यात कुणाला सांगू नका. अण्णांनी ते मानलं नाही.

"काड्या म्या दिल्या. सांगणार बी मीच."

दुसऱ्या दिवशी ते दारोदार गेले. शेजारच्या भास्करतात्यांनी दारातूनच तोंड फिरवलं, हे सांगताना आई रडली. मी लॅबमधल्या मशीनपुढे. त्या आठवड्यात दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं.

श्रावणात गावी गेले. वेल उपटलेल्या आमच्या बागेत नुसत्या तारा आणि त्यांचे लोखंडी अँगल उभे. तात्या बांधावरून येताना दिसले आणि मला घरात पळावंसं वाटलं. त्यांनी ओल्या गोणपाटातल्या काड्या माझ्यापुढे ठेवल्या.

"नव्या प्लॉटसाठी आणल्यात, पोरी. कलम करायच्या आधी तू बघून दे. तू म्हणशील तरच लावीन."

माझ्यासारखे गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचं घर कुठलं ते तुम्ही जाणा. मला अजून नीट सांगता येत नाही. पण त्या काड्या बॅगेत भरताना पहिल्यांदाच वाटलं, मी घर सोडून निघालेली नाही. घरच्या कामाला चाललेय.