चिलवेरी सरांच्या बरणीचे झाकण

निवृत्तीच्या बारा दिवस आधी, मंगळवारी सकाळी अकरा वाजता चिलवेरी सरांच्या बरणीचे झाकण उघडण्यात आले.

सर सोलापुरातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. बरणीत तलावातला काळा गाळ होता. त्यातले जिवाणू अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉन, हवा मिळाली नाही तर, पेशीबाहेरच्या घन वस्तूवर ढकलतात. सरांनी गाळात ग्राफाइटची कांडी खोचली होती. कांडीवर जिवाणूंचा थर धरला की तारेतून वीज वाहे आणि मीटरचा काटा हले. हवा आत गेली की इलेक्ट्रॉन हवेकडे जात, काटा पडे.

सलग तीस दिवस काटा हलता राहिल्याची नोंद मिळाली, तरच नऊ वर्षे रखडलेला प्रबंध पुढे जाणार होता. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा मिळणार नव्हती.

मी त्यांचा विद्यार्थी. बरणीत डोकावले की सर म्हणत, "आत काय बघतोस बे? काटा वाच."

एकदा तेराव्या दिवशी शिपाई बाबूमामांनी झाकण सैल केले. ते करकंब गावचे. म्हणाले, "जीव हाय म्हनता आन् हवा न्हाय देत व्हय? गुदमरत्याल की, सर." सरांनी नोंदवहीचे नवे पान उघडले. मोजणी पुन्हा एकपासून. पुढच्या वेळी प्राचार्यांनी झाकण काढून तपासणी समितीला गाळाचा वास दिला. बाविसावा दिवस होता. सरांनी झाकणावर चिठ्ठी लावली: 'उघडू नये'. खाली आपल्या घरच्या भाषेत, तेलुगूतही लिहिले. नंतर चिकटपट्टीचे चार वेढे दिले.

त्या मंगळवारी एकोणिसावा दिवस होता. मी वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला घेऊन गेलो होतो. सर नवा शर्ट घालून आले होते. "आईला सांगितलंय, पेपरात येणार म्हणून."

छायाचित्रकार म्हणाला, "सर, काट्याचा काय फोटो काढू? घड्याळ वाटंल की. झाकण काढा."

"नाही जमायचं बे."

"मग आतल्या पानावर पण कुणी घ्यायचं नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "एकच मिनिट, सर."

त्यांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी सोडवली. छायाचित्रकाराला कांडीही वर हवी होती. नऊ मिनिटे लागली.

नोंदवही मी नंतर पाहिली. एकोणिसाव्या दिवसापुढे 'शून्य' लिहिले आहे. पुढची पाने कोरी आहेत.

बातमी गुरुवारी आतल्या पानावर आली. छायाचित्रात झाकण सरांच्या हातात आहे.