बिनपंखाची रेघ

काकांच्या कानात काही सांगणं म्हणजे पूर्ण गल्लीले सांगणं असते. मी दारातून "जयभीम काका" म्हटलं की तीन घरं सोडून कोणीतरी "जयभीम" म्हणते, काका मात्र पेपरच वाचत राहतात. म्हणून त्यांच्यासोबत मी तोंडानं कमी आणि हातांनी जास्त बोलतो. नकला करायची सवय मले शाळेपासून आहे. आमचे गणिताचे सर, तुमसर गाडीचा कंडक्टर, वरठीच्या प्लांटच्या गेटवरचा वॉचमन, हे सगळे माझ्या घशात फुकटात राहतात. त्या गेटवर मी नोकरीसाठी इतक्यांदा गेलो की वॉचमन तर आता त्याच्यापेक्षा मलेच चांगला जमते.

काका माझे सख्खे नाहीत, आमच्या गल्लीचे काका आहेत. त्यांची जिंदगी वायरलेसच्या नोकरीत गेली. नोकरीत असतानाच त्यांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं, निंबापासून छतापर्यंत तार बांधली, आणि खाली दक्षिणेत समुद्राकाठी राहणाऱ्या एका माणसासंगं त्यांची दोस्ती झाली. रोज सकाळी साडेसातला, चाळीस मीटरच्या बँडवर, ठरलेल्या एकाच जागी. तीस वर्षं. एकदाही भेटले नाहीत. बोलायचे काय, तर इकडं पाणी पडलं का, तिकडं खोकला कमी झाला का. तो त्याच्या टाइपच्या हिंदीत बोले, काका आपल्या हिंदीत, आणि दोघांची हिंदी ऐकून खऱ्या हिंदीवाल्यानं रेडिओ बंद केला असता. काकांचा सेट मोठ्यानं लागायचा, त्यामुळे त्या माणसाचा आवाज मी लहानपणापासून गल्लीत क्रिकेट खेळता खेळता ऐकत आलो. "हॅलो हॅलो मेरा भाई, कैसा है तबियत आपका?" त्याचीबी नक्कल मी करतो.

फोन नंबर दोघांनी कधी घेतलाच नाही. मी एकदा विचारलं होतं काहून म्हणून. काका म्हणे, "फोनवरच बोलायचं तं मंग ही तार काय कपडे वाळवाले बांधली का बे?"

या हिवाळ्यात काकांचे कान एकदमच गेले. मशीन लावली तरी नुसता खरखराट. तेव्हापासूनच तो दोस्तबी ऐकू येईना. एक दिवस त्यांनी मले घरी बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले.

"एवढंच सांग मले. तो बोलत नाही, का मले आयकू येत नाही?"

मी आठ दिवस ऐकलं. खर्र. कुठंतरी दूर दोन माणसं अँटेनावरून भांडून राहिली होती, बाकी खर्र. मी हात हलवून सांगितलं, नाही. पण खरखर एवढी होती की तिच्याखाली कोणी बारीक आवाजात बोलत असला तर मले कसं समजणार? मी कागदावर लिहून दिलं, बँडवरच्या दुसऱ्या लोकांले विचारा ना. कोणाले तरी माहीत असन.

काकांनी कागद वाचला, घडी केला आणि खिशात टाकला. म्हणे, "विचारलं तं सांगतील ना."

मी समजलो, तो गेला असं कोणी सांगितलं तर, हीच त्यांले भीती होती. मंग ऐकू नाही तर दाखवू, असं मी ठरवलं. अंगठ्याएवढा एक रिसीव्हर येते, लॅपटॉपले पेनड्राइव्हसारखा लागते. तो काकांच्या तारेले जोडला आणि स्क्रीनवर पूर्ण बँड पसरला. वर डोंगरासारखी हलणारी रेघ, खाली निळ्या रंगाचा पडदा वरून खाली सरकत जाणारा. जिथं कोणी बोलून राहिला तिथं पिवळं उमटते आणि हळूहळू खाली वाहत जाते. म्हणून त्याले वॉटरफॉल म्हणतात. आताच्या सेटवाले लोक त्याच्यात सुरवंटासारखे दिसतात. काका चष्मा नाकावर आणून पाहतच राहिले. तीस वर्षं ज्यांले नुसतं ऐकलं ते सगळे त्यांच्यासमोर सरपटत होते.

"तो असा नाही दिसणार," काका म्हणे. त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर चित्र काढून दाखवलं. दोस्ताचा सेट जुन्या पद्धतीचा, घरीच बनवलेला. तसा सेट चालू केला की मधी एक सरळ रेघ येणार, आणि माणूस बोलला की रेघेच्या दोन्ही बाजूनं पंख फुटणार. "आणि सेट गरम झाला का रेघ थोडी थोडी सरकते. आपोआप. मी त्याच्यावर लय हासायचो."

मंग आम्ही स्क्रीन मोठी केली. एवढी मोठी की फक्त त्याची जागा दिसावी, बाकी बँड बाहेर. रोज सव्वासातला मी जायचो, आणि आम्ही दोघं मच्छी धरायले बसल्यासारखे त्या निळ्या पाण्याकडं पाहत बसायचो.

चौथ्या दिवशी रेघ आली.

बारीक, पिवळी, बरोबर त्या जागेच्या जरा बाजूले. आली आणि हळूहळू सरकायले लागली. काका खुर्चीवरून अर्धे उठले. "सरकली! पाह्यली का? सरकली! काय म्हणते तो?"

मी हेडफोन कानाले दाबले. नुसतं गुंईऽऽ. शब्द नाही. स्क्रीनवर पंखबी नाहीत. मी तोंडावर हात ठेवून दाखवलं, बोलत नाही.

काका माझ्यापेक्षा स्वतःलेच म्हणे, "त्याचा गळा खराबच होता. डॉक्टरनं बोलू नको म्हटलं असन. म्हणून नुसतं बटन दाबून ठेवते. मी हाव, एवढं सांगते." त्यांनी माईक उचलला आणि हिंदीत सांगितलं की भाई, तुम मेरेको दिख रहा है, सुन रहा है तो एक बार बंद करके चालू करो.

रेघ तुटली. आणि परत आली.

आईशप्पथ सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. काका एवढ्या जोरानं ओरडले की काकू सांडशी हातात घेऊनच बाहेर आली.

"काय झालं? कोण मेलं?"

"मेला नाही! आहे तो! हे पाह्य!"

काकूनं स्क्रीनकडं पाह्यलं. "ही रेघ? बरं. तिलेबी चहा ठेवू का?"

बारा दिवस ती रेघ येत राहिली. काका तिच्यासंगं बोलायचे. उन्हाळी धान चांगला वाढला, कानाले नवी मशीन सांगितली, पोरगी येऊन गेली. मधी थांबायचे, आणि मी त्यांच्या समोर बसून दोस्ताची नक्कल करायचो. मान हलवून, डोळे मोठे करून, "बहुत अच्छा भाई, बहुत अच्छा, मेरा गला बैठ गया, दिल नहीं बैठा!" काकांले आवाज ऐकू येत नव्हता पण तोंड पाहून समजायचं, आणि ते पोट धरून हासायचे. काकू म्हणायची, "दोघंबी येडे झाले." रोज झाल्यावर काका लॉगबुकात लिहायचे, तारीख, वेळ, बँड, शेरा. वायरलेसवाल्या माणसाची लॉगबुक म्हणजे त्याच्यात थापा चालत नाहीत. त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं, "सिग्नल दिसला. आवाज नाही. प्रकृती बरी असावी."

बाराव्या दिवशी लॅपटॉप रात्रीतून आपोआप अपडेट झाला. सकाळी प्रोग्राम उघडला तर आमची मोठी केलेली खिडकी गेलेली, पूर्ण बँड समोर. काका आत दाढी करून राहिले होते. साडेसात वाजले आणि रेघ आली.

एक नाही. चौदा-पंधरा. डावीकडून उजवीकडं, सारख्या सारख्या अंतरावर, वावराच्या कुंपणाच्या खुंट्या असतात ना, तशा. सगळ्या बारीक, सगळ्या पिवळ्या, आणि सगळ्या एका वेळी एकाच बाजूले सरकून राहिल्या होत्या. आमची रेघ त्यातली एक खुंटी. एका माणसाचा सेट असा पंधरा जागी उमटत नाही, हे कायच्यातरी मशीनचं काम होतं. बाकीच्या आम्ही कधी पाह्यल्याच नाही, कारण आम्ही एकाच जागेकडं डोळे लावून बसलो होतो.

मी काका यायच्या आधी स्क्रीन परत मोठी केली. त्या दिवशी नक्कल काही जमली नाही. काका म्हणे, "काहून रे, आज दोस्ताले ताप आहे का?"

मंग ही गुंई येते कुठून ते शोधायले मी आमच्या घरचा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन निंघालो. काहीच न लागणाऱ्या जागी काटा ठेवला आणि गुंई जिकडं वाढते तिकडं चालत गेलो. गल्ली संपली, बोडी म्हणजे आमचं छोटं तळं संपलं, त्याच्या पाळीवरून खाली उतरलो तर ट्रान्झिस्टर नुसता किंचाळायले लागला. समोर माझ्या वर्गातल्या एका दोस्ताचं वावर. उन्हाळी धान हिरवागार, आणि बांधावर नवीन सौर पंप. पाट्या उन्हाकडं तोंड करून उभ्या, त्यांच्या खाली कंट्रोलरचा डब्बा, गुंई त्याच्यातूनच येत होती. ऊन वर चढलं की साडेसातच्या आसपास पंप आपोआप चालू होते. आभाळाचा तुकडा आडवा आला की क्षणभर बंद पडते, मंग परत चालू. डब्बा गरम झाला की रेघ सरकणारच.

"काय पाहून राहिला बे?" दोस्त म्हणे. "फुकटातला वाटला का? दोन वर्षं चकरा मारल्या मी त्याच्यासाठी."

"लय चांगला आहे," मी म्हटलं. "बोलतेबी चांगला."

"कोण?"

"काही नाही."

दोन दिवस मी काकांकडं गेलोच नाही. ताप आला असं घरी सांगितलं. खरं म्हणजे हे सांगायचं कसं? बहिऱ्या माणसाले वाईट गोष्ट हळू सांगता येत नाही. कानाजवळ तोंड नेऊन "काका, तो पंप होता" असं ओरडायचं, आणि पूर्ण गल्लीनं ऐकायचं? लिहून द्यायचं तर तो कागद त्यांच्या खिशात राहणार. नक्कल करून दाखवायची तर पंपाची नक्कल काय करू? तिसऱ्या दिवशी काकू स्वतः आली. "चाल. तुझे काका तुझ्याशिवाय माईकले हात लावत नाहीत. म्हणतात, पोराचे कान पाहिजेत."

गेलो. स्क्रीन पूर्ण उघडी केली, सगळ्या खुंट्या दिसू दिल्या. काका पाहत राहिले. त्यांनी बोटानं एकेक मोजायले सुरुवात केली आणि पाचव्यावर थांबले. तीस वर्षं वायरलेसमध्ये काढलेला माणूस, त्यांले समजावून सांगायची गरज नव्हती.

"कायचं आहे?"

मी हात पसरून पाट्या दाखवल्या, मंग पाण्याची धार.

"बंद करायले सांग."

मी वावरातल्या दोस्ताले फोन लावला. तो म्हणे, "काहून?" मी म्हटलं, "दोन मिनिटं, भाऊ." सगळ्या रेघा एकदम गेल्या. काका म्हणे, चालू. आल्या. म्हणे, बंद. गेल्या. "अजून एकदा." तिकडं दोस्त फोनवर बोंबलून राहिला होता, "अबे, खेळ लावला का? बांधीत पाणी पाहिजे मले, धान निसवून राहिला!" मी फोन कानापासून दूर धरला. काकांले ऐकू येत नाही ते एका अर्थानं बरंच होतं.

तिसऱ्यांदा बंद झालं तेव्हा काकांनी माईक घेतला. एवढे दिवस जी खरखर आम्ही बँडची समजत होतो, तिच्यातली निम्मी त्या पंपाचीच होती. आता स्क्रीन निळी-काळी, साफ. त्याच्यात कोणी कुजबुजला असता तरी दिसलं असतं. काकांनी दोस्ताले नावानं हाक मारली, एकदा हिंदीत, एकदा मराठीत. पाच मिनिटं वाट पाह्यली. त्या जागेवर काहीच उमटलं नाही. ना रेघ, ना पंख.

मी फोनवर वावरातल्या दोस्ताले सांगितलं, चालू कर.

काकांनी लॉगबुक काढली. पट्टी मागितली. काकूनं आणून दिली. बारा नोंदींवर त्यांनी बारा रेघा मारल्या, पट्टी ठेवून, सरळ, आणि प्रत्येकीसमोर सही केली. खोटी नोंद कापायची ती अशीच, गिरवून नाही, खालचं वाचता आलं पाहिजे.

मंग मागची पानं पलटवली आणि त्या माणसाची खरी शेवटची नोंद शोधली. हिवाळ्यातली. मी यायच्या आधीची. तारीख, वेळ, बँड. शेऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "बराच वेळ बोलला. मले काही समजलं नाही. हो हो म्हटलं."

काका ते वाचून माझ्याकडं पाहत राहिले. माझ्या घशात एवढे लोक राहतात, पण त्या दिवशी तो काय बोलला, ते कोणालेच माहीत नव्हतं.